एकच रायफल घ्यायची, तर कोणती?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही डेन्व्हरजवळ राहता, कोलोरॅडोचं हंटर एज्युकेशन कार्ड, म्हणजे शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं कार्ड, नुकतंच हातात आलंय. पुढच्या हंगामात म्यूल डिअर (इथलं हरीण), प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखं चपळ जनावर) आणि नशिबात असेल तर एल्क (सांबरासारखं, पण मोठं), एवढ्या सगळ्याला चालेल अशी एकच रायफल हवी आहे. तीच रायफल पत्नीही वापरणार. बजेट दुर्बिणीसकट दीड हजार डॉलर. दुकानदार .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्या म्हणतो, ऑफिसातला मित्र ६.५ क्रीडमूरच्या प्रेमात आहे आणि तुमच्या डोक्यात .३०-०६ बसलंय. (ही सगळी काडतुसांची नावं, रायफल त्यांवरून ओळखली जाते.) तुमची उंची पाच फूट सहा इंच, पत्नीची पाच फूट दोन. आणि तुम्ही दोघं एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर आहात.

माझं उत्तर आधी सांगतो: .३०८ विंचेस्टर घ्या. बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायची), नळी २२ इंची, दुर्बीण आणि पट्ट्यासकट वजन साडेसात ते आठ पौंड, दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाची, लांबी कमी-जास्त करता येईल अशी. मी स्वतः गेली सोळा वर्षं .३०-०६ वापरतोय आणि ती विकायचा विचारही नाही. तरीही तुम्हाला .३०८ सांगतोय, कारण तुमच्या बाबतीत सगळं अवलंबून आहे ते धक्क्यावर. गोळी सुटताना रायफल खांद्यावर मागे आदळते तो धक्का. तो काय करतो, हे मी फार वाईट पद्धतीने शिकलोय.

माझी पहिली रायफल .३०० मॅग्नमच होती. त्या दुकानदाराचं म्हणणं होतं की एल्क म्हणजे मोठं जनावर, ताकद हवी. त्यात खोटं काही नव्हतं. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. मी पासष्ट किलोचा माणूस. रेंजवर वीस गोळ्या झाडल्या की खांदा काळानिळा व्हायचा आणि मी तो मिरवायचो. दुसऱ्या हंगामात नॉर्थ पार्कात, वॉल्डनच्या बाजूला, सकाळी सेजच्या झुडपांच्या उतारावर एक मादी दिसली. सव्वादोनशे यार्ड. गुडघ्यावर बसलो, नेम खांद्यामागे धरला, चाप ओढला. गोळी लागल्याचा थप्प आवाज आला, पण मादी पाठ वाकवून चालू लागली. पाठ वाकवली म्हणजे पोटात. जाऊन पाहिलं तर बर्फावर रक्त अगदी थोडं आणि त्यात हिरवट चोथा. अंधार पडेपर्यंत माग काढला, दुसऱ्या दिवशीही काढला. तिसऱ्या दिवशी कावळे आणि मॅगपाय घिरट्या घालताना दिसले तेव्हा सापडली. मांस गेलेलं होतं. त्या वर्षीचा परवाना मी तिच्यावर संपवला आणि घरी आलो.

रायफल तपासली, ती शंभर यार्डांवर एक इंचात गोळ्या मारत होती. मग एका जुन्या जाणत्या शिक्षकाने मला रेंजवर नेलं आणि म्हणाला, तू समोर बघ, काडतूस मी भरतो. त्याने पाच-सहा काडतुसांत दोन नकली मिसळली होती, ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी बोल्ट बंद केला, श्वास सोडला, चाप ओढला आणि नुसतं टिक झालं. पण त्या टिकच्या वेळी नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं, डोळे गच्च मिटलेले, खांदा पुढे ढकललेला. धक्का आलाच नव्हता, माझ्या अंगाने मात्र तो आधीच घेऊन टाकला होता. इंग्रजीत याला फ्लिंच म्हणतात, मी दचका म्हणतो. आता मी नवशिक्यांना शिकवतो तेव्हा हाच प्रयोग सगळ्यांवर करतो. शेतातली पोरं असोत की सैन्यातून आलेली, दचका लपत नाही. तुम्हीही रायफल घेतल्यावर पहिल्या महिन्यात हा प्रयोग एकमेकांवर करा.

म्हणून आकडे बघताना सुरुवात धक्क्यापासून करा. आठ पौंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूर साधारण १२-१३ फूट-पाउंडांचा (हे ऊर्जेचं माप) धक्का देते. .३०८ सुमारे १७, .३०-०६ सुमारे २०, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम २२-२३ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम २७च्या आसपास. गोळीचं वजन बदललं की आकडा एक-दोनने हलतो. बहुतेक लोकांची सहनशक्ती २०च्या आसपास संपते. त्यापुढे सवयीने जाता येतं, पण त्यासाठी वर्षाला शे-दोनशे गोळ्या झाडाव्या लागतात आणि त्याच गोळ्या दोन-दोन डॉलरच्या असल्या की माणूस झाडत नाही. मॅग्नमवाल्यांचा सरावच कमी होतो, हे मी दरवर्षी बघतो.

आता ती जास्तीची ताकद सोडली तर आपण गमावतो काय? .३०८मध्ये १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सुमारे २७०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. .३०-०६मध्ये तीच गोळी २८००ने. दोन्ही रायफली २०० यार्डांवर शून्य केल्या, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशा जमवल्या, तर ३०० यार्डांवर .३०८ची गोळी साधारण आठ इंच खाली लागेल, .३०-०६ची सात-सव्वासात इंच. ७ मिमी मॅग्नमची साडेसहा. म्हणजे सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत फरक दीड इंचाचा. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग चौदा-पंधरा इंचांचा असतो, डिअरचा आठ-नऊ इंचांचा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा एवढ्या अंतरात गोळी सहा-सात इंच बाजूला नेतो आणि वायोमिंगच्या सीमेवर दहा मैलांचा वारा म्हणजे शांत दिवस. दीड इंचासाठी एवढा जास्तीचा धक्का घ्यायचा आणि वाऱ्याचा अंदाज शिकायचाच नाही, हा हिशेब मला कधी पटला नाही.

तुमच्या मित्राच्या क्रीडमूरबद्दल. हॉर्नडी कंपनीने २००७मध्ये लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी ते आणलं आणि ते खरोखर उत्तम आहे. धक्का कमी, गोळी लांबट, वारा चांगला कापते. स्वीडन-नॉर्वेमध्ये लोक १८९४च्या जुन्या ६.५×५५ने मूस (एल्कहून मोठं हरीण) मारत आलेत आणि क्रीडमूर ताकदीने तिच्याच जवळची. तुमचं लक्ष्य फक्त डिअर आणि प्रॉन्गहॉर्न असतं तर मी एका शब्दात होकार दिला असता. पण एल्क तिरका उभा असतो, झाडीत असतो, पहिल्या गोळीनंतर पन्नास यार्ड चालला तरी काळ्या जंगलात हरवतो. तिथे जरा रुंद आणि जड गोळी असली की रक्ताचा माग चांगला सापडतो. पत्नीला .३०८चा धक्का सोसला नाही, असं रेंजवर दिसलं तर मात्र हट्ट करू नका, क्रीडमूर घ्या, गोळी चांगल्या बांधणीची वापरा आणि एल्कवर अडीचशे यार्डांच्या पुढे जाऊ नका. दचकत मारलेल्या .३०८पेक्षा शांतपणे मारलेली ६.५ कधीही बरी.

एक काडतूस कुणी तुम्हाला सुचवलेलं नाही, पण ते मला फार आवडतं: ७ मिमी-०८ रेमिंग्टन, १९८०चं. .३०८चीच पुंगळी, तोंड तेवढं निमुळतं. जिम कॉर्बेट यांना १९०७मध्ये चंपावतच्या वाघिणीनंतर जी .२७५ रिग्बी भेट मिळाली, तिचं काडतूस म्हणजे ७×५७ माउझर. ७ मिमी-०८ची ताकद जवळजवळ तेवढीच आहे. धक्का .३०८पेक्षा थोडा सौम्य. मग मी तेच का सांगत नाही? कारण विमानात बॅग हरवली किंवा काडतुसांचा डबा घरी विसरला, तर पंधराशे वस्तीच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात .३०८ आणि .३०-०६ मिळतात, ७ मिमी-०८ मिळेलच असं नाही. २०२०-२१च्या टंचाईत ही अडचण मी माझ्या मित्रांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिली. एकच रायफल असलेल्या माणसाने आडवळणाचं काडतूस घेऊ नये.

.२७० विंचेस्टरही, १९२५पासून, हेच सगळं काम करते आणि कुणी ती वारशाने दिली तर आनंदाने घ्या. .२४३ मात्र नको. कोलोरॅडोच्या नियमात ती बसते: नळी किमान .२४ इंच व्यासाची, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची, शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा, गोळी फुलणारी, म्हणजे लागल्यावर पसरून रुंद होणारी. पण नियमात बसणं वेगळं आणि पहिल्याच एल्कवर नवशिक्याने ती नेणं वेगळं.

.३०८बद्दल एक सूचना. आपल्या सैन्यात जी जुनी एसएलआर रायफल होती, तिचं ७.६२ काडतूस हे .३०८चंच भावंड. त्यामुळे सैनिकी पद्धतीची, पूर्ण धातूच्या आवरणाची स्वस्त काडतुसं भरपूर मिळतात. ती सरावाला ठीक, पण जनावरावर अजिबात नाहीत. ती गोळी फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते, आणि इथे ते बेकायदाही आहे.

लोक काडतुसावर तीन महिने वाद घालतात आणि गोळी दुकानात जी स्वस्त असेल ती उचलतात. जनावराला लागते ती गोळी. जॉन नोस्लर यांनी १९४६मध्ये ब्रिटिश कोलंबियात एका चिखलाने माखलेल्या मूसवर झाडलेल्या गोळ्या वरच्या वर फुटल्या, आत गेल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी बनवली: पुढचा भाग फुलतो, मागचा घट्ट राहून खोल जातो. आज पर्याय खूप आहेत, त्यांपैकी तुम्हाला दोनच सांगतो. एक, शिसं आणि आवरण एकजीव केलेली १६५ ग्रेनची बाँडेड गोळी. दुसरी, अखंड तांब्याची १५० ग्रेनची. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून एक पायरी हलकी घ्यायची. ती वेगावर फुलते, म्हणून अंतर आटोक्यात ठेवायचं.

घरात लहान मुलं असतील तर तांब्याचीच घ्या. शिशाची गोळी जनावरात फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. कोलोरॅडोत शिशावर बंदी नाही, पण कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांच्या मृत्यूंमुळे १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. जे गिधाडाला बाधतं ते आपण पोरांना रश्श्यातून वाढू नये. आमच्याकडे एल्कचा रस्सा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात होतो आणि मी सात वर्षं फक्त तांबं वापरतोय. (एल्कला चरबी जवळजवळ नसते, तेल जरा सढळ घाला आणि आच मंद ठेवा.)

आता रायफल. बाजारातल्या रायफली आज इतक्या अचूक आहेत की अचूकतेवर भांडण करण्यात अर्थ नाही. टिक्का टी३एक्सचा बोल्ट लोण्यासारखा चालतो, पण ती हलकी आहे आणि हलकी रायफल जास्त ढकलते. शिवाय टिक्काची ॲक्शन, म्हणजे बोल्ट सरकतो तो भाग, सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची, त्यामुळे .३०८च्या आखूडपणाचा फायदा तिथे मिळत नाही. रुगर अमेरिकन स्वस्त आणि प्रामाणिक, तिचा दस्ता मात्र प्लॅस्टिकचा आणि लवचीक. विंचेस्टर मॉडेल ७० ही १९३६पासूनची, खरी देखणी, पण तुमच्या बजेटमध्ये दुर्बिणीला पैसे उरणार नाहीत. तुमच्यासाठी मी सॅव्हेज ११० सांगेन, ॲक्युफिट दस्त्याची. कारण एकच, पण माझ्या लेखी फार मोठं: ती दोन माणसांच्या अंगाला बसवता येते.

इथल्या रायफलींचा दस्ता, म्हणजे चापापासून खांद्याच्या गादीपर्यंतची लांबी, बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असतो. तो पाच फूट दहा इंचांच्या माणसाच्या बेताचा. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो लांब होतो. मग मान पुढे ताणावी लागते, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, दुर्बिणीत काळी कड दिसते आणि डोळा दुर्बिणीच्या फार जवळ जातो. गोळी सुटली की दुर्बिणीची कडा भुवईवर बसते. रेंजवर अर्धचंद्राकृती जखम घेऊन आलेले चार-पाच देशी मित्र मी स्वतः पट्टी बांधून परत पाठवलेत. ॲक्युफिटमध्ये पाव-पाव इंचाच्या चकत्या असतात, घातल्या-काढल्या की दस्ता लांब-आखूड होतो. गालाखालचा उंचवटाही बदलता येतो. दुकानात जाताना हंगामात घालायचं जाड जॅकेट घेऊन जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. दुर्बिणीत चित्र पूर्ण, गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. मान हलवावी लागली तर एक चकती काढा. पत्नीचं माप वेगळं येईल. आखूड दस्त्यावर उंच माणूस निभावून नेतो, लांब दस्त्यावर बुटका नाही, म्हणून शंका असेल तिथे तिचं माप ठेवा.

दुर्बीण ३-९×४० (तीन ते नऊपट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची), चारशे डॉलरच्या आतली, डोळ्यापासून साडेतीन इंचांहून जास्त अंतर देणारी. मोठ्या भिंगाच्या, पाव किलो जास्त वजनाच्या दुर्बिणी दहा हजार फूट उंचीवर दम काढतात. चालताना ती नेहमी ३वर ठेवा. एल्क चाळीस यार्डांवर उठला आणि दुर्बीण ९वर असली तर नुसते केस दिसतात. माउंट आणि स्क्रू चांगले घ्या, टॉर्कच्या पान्याने घट्ट करा. नेम बिघडल्याची निम्मी तरी प्रकरणं ढिल्या स्क्रूंची निघतात.

पैशांचा हिशेब माझ्या मते असा: रायफलीला सातशे-आठशे, दुर्बीण-माउंटला चारशे, उरलेले सगळे काडतुसांना आणि दोन काठ्यांच्या टेकूला. शंभर यार्डांवर गोळी सुमारे दोन इंच वर लागेल असं जमवा, म्हणजे २००वर शून्य होईल. ते झालं की बाकावरून उठा आणि पुन्हा बाकावर बसू नका. डोंगरात बाक नसतो. कागदी थाळी लावा, आठ-नऊ इंचांची. पन्नास पावलं पळत जा, धापा टाकत खाली बसा, काठ्यांवर रायफल टेकवा आणि पाच गोळ्या मारा. पाचही थाळीत लागल्या तेवढं तुमचं अंतर. पहिल्या वर्षी ते बहुधा दीडशे यार्ड निघेल. मग पहिल्या वर्षी दीडशेच्या पुढे चाप ओढायचा नाही, समोर कितीही मोठी शिंगं असोत. एका वेळी वीसपेक्षा जास्त गोळ्या नकोत, थकलेला खांदा दचका शिकतो. घरी रिकाम्या रायफलीवर रोज दहा मिनिटं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चाप ओढण्याचा सराव करा. मला यानेच सगळ्यांत जास्त फायदा झाला.

आता व्हिसाचं, आणि हे दुकानात जाण्याआधी वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या) माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत आपल्या कामाचा एक: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. हंटर एज्युकेशन कार्ड म्हणजे परवाना नव्हे, हा घोळ बरेच जण घालतात. आधी परवाना घ्या, स्मॉल गेमचा, म्हणजे लहान जनावरांचाही चालतो, मगच दुकानात रायफल हातात धरा. खरेदीच्या वेळी फॉर्म ४४७३ या संघीय खरेदी-अर्जावर तो अपवाद नोंदवावा लागतो. कोलोरॅडोत दुकानदाराने पार्श्वभूमीची तपासणी सुरू केल्यापासून किमान तीन दिवस थांबावं लागतं. परवाना संपला की अपवादही संपतो, म्हणून मुदत कॅलेंडरात लिहा. पत्नी एच-४वर आहे, तिला तिचा स्वतःचा परवाना लागेल, रेंजवर हात लावायलासुद्धा. तो मिळेपर्यंत तिजोरीची किल्ली किंवा आकडा तिच्याकडे ठेवू नका. ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी देऊन एकदा विचाराच.

आणखी एक. रेंजवर जी सॅक नेता ती कायम रेंजचीच ठेवा, तिच्यावर लाल टेप लावा. भारतात जाताना तीच सॅक उचलली आणि तळाच्या कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलेलं असलं, तर मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. विसरलो होतो हे पुढे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एकाची आई दवाखान्यात होती म्हणून तो घाईने निघाला होता. तिला भेटायच्या आधी त्याला जामीन मिळवावा लागला. निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्या कप्प्यांत हात घाला, जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.